गच्चीवरची एसटी

हे मी सुमनलाही सांगितलं नाही. सुमन म्हणजे माझी बायको. तिच्यापासून मी संसारात दुसरं काही लपवल्याचं आठवत नाही, पण हे लपवलं. ती गेली, आणि हे माझ्याकडेच राहिलं. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीनं बरं आहे — ओळखणाऱ्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही.

कुठून सुरू करू? साळवे सरांपासून करतो. नाहीतरी सगळं तिथंच येऊन थांबणार आहे.

जालन्याच्या एका हायस्कुलात मी गणित शिकवायचो आणि सुखदेव साळवे चित्रकला. शाळेतलेच काजी सर, देशपांडे बाई आणि जुन्या जालन्यात कापडाचं दुकान असलेले मुरलीशेठ — असा आमचा घरोबा होता. बायका, नवरे, सगळे धरून. संक्रांत, धुळवड, कोजागिरी, ईदचा शीरखुर्मा — काही ना काही निमित्तानं आम्ही जमायचो. आणि जमायचो बहुतेक माझ्याच घरी. बदनापूरकडे आमची शेती, त्यामुळे घरात दाणागोटा, दूधदुभतं भरपूर. गच्ची मोठी. शिवाय आमच्या गल्लीत पहिला फोन माझ्याकडे आलेला, म्हणून सगळ्यांना फोन लावून बोलावण्याचं कामही माझंच. मी यजमान होतो. लोक माझ्याकडे यायचे, मला बरं वाटायचं. यात वाईट काय?

साळवे सर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. त्यांच्याकडे जमण्याचा प्रश्नच नव्हता. पण कल्पना सगळ्या त्यांच्या. एका धुळवडीला ते म्हणाले, संध्याकाळी सगळ्यांनी आपल्या लग्नातले कपडे घालून या. मुरलीशेठच्या कोटाची बटणं लागेनात, काजी सर शेरवानीत अडकून बसले, आणि साळव्यांनी भटजी, काझी आणि भंते असे तिघंही स्वतःच होऊन आम्हा सगळ्यांची पुन्हा लग्नं लावली. सुमन हसून हसून खाली बसली. डोळे पुसत म्हणाली, "ह्या घरात मी इतकं कधीच हसले नव्हते."

माझ्या घरात. माझ्या गच्चीवर. माझी थंडाई पिऊन.

खाली उतरताना मुरलीशेठनं माझ्या पाठीवर थाप मारली. "सर, घर तुमचं, पण मजा साळव्यांची हां!"

तो सहज बोलला. मी मात्र ते वाक्य बरेच दिवस चघळत राहिलो. पुढच्या कोजागिरीला मी स्वतः एक कल्पना काढली — सगळ्यांनी पांढरे कपडे घालून यायचं. चंद्र, दूध, पांढरे कपडे. मला फार सुंदर वाटलं होतं. मुरलीशेठ जिन्यातूनच ओरडला, "सर, कोण गेलं?" सगळे हसले. साळवे हसले नाहीत. त्यांनी पटकन कसलासा खेळ काढला आणि माझी संध्याकाळ सावरून घेतली. हे तर मला त्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. सावरणारा माणूस वरच्या पायरीवर उभा असतो ना?

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीचा हेवा? हो. एवढ्याशाच गोष्टीचा. शेती, घर, पगार यात कुणी माझ्या पुढं गेलं असतं तर मला काही वाटलं नसतं. पण साळवे आले की खुर्च्या त्यांच्याकडे वळायच्या. हे मला सहन होत नव्हतं.

आणि अजून एक होतं. ते लिहिताना हात अडतोय, पण लिहितो. साळवे बौद्ध. आमच्या घरात माझ्या आईच्या डोळ्यांदेखत मी त्यांना पहिल्यांदा शेजारी बसवून जेवू घातलं, याचा मला अभिमान होता. मोठा अभिमान. मी ते चार ठिकाणी सांगायचो. साळव्यांना मी घरी बोलावतो — यात मी मोठा होत होतो. त्यांनी मला बोलावलं, तर मग मी कोण?

तसंच झालं. सरांनी कर्ज काढून, राबून घर बांधलं. लहानसं, पण वर गच्ची. कोजागिरीच्या आठवडाभर आधी स्टाफरूममध्ये मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "औंदा कोजागिरी माझ्याकडं. कुणाला सांगू नका काय करून राह्यलो ते. गच्चीवर एसटी करतो."

"एसटी?"

"लालपरी! दोन-दोन, तीन-तीन खुर्च्या, मधून वाट. पुढं चादरीवर इंजिनाचं तोंड रंगवून राह्यलोय. मी कंडक्टर. तिकिटं पण केली. बदनापूरला भजी, अंबडला चहा, शेवटच्या थांब्याला दूध. अन् मुरलीशेठला एकदम मागचं शीट. आदळू द्या त्याला जरा!"

"अन् मला?" मी विचारलं.

"तुमच्या शिटावर 'आमदारांसाठी राखीव' लिवलंय, सर. तुमच्याशिवाय गाडी सुटणार न्हाई."

मी हसलो. तिथंच मला कळलं होतं, की ही संध्याकाळ झाली तर माझ्या गच्चीवर पुन्हा कुणी मनापासून येणार नाही. ते म्हणाले, "फोनाचं तेवढं बघा. माझ्या घरी अजून फोन न्हाई. सगळ्यांना बराबर सांगा, आठ वाजता." मी म्हणालो, सांगतो.

आणि मी सांगितलंही. आठवडाभर आधी सगळ्यांना सांगितलं. सगळे खूश होते. देशपांडे बाईंनी तर नव्या घरासाठी भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ घेऊन ठेवलं होतं. हे नीट लक्षात ठेवा — सगळ्यांना जायचं होतं.

कोजागिरीला रविवार होता, शाळा नव्हती. दुपारी मी पुन्हा फोन लावले. एकेकाला. म्हणालो, "साळव्यांकडचं रद्द झालं. घरात नवराबायकोचं काहीतरी बिनसलंय. त्यांच्यापुढं विषय काढू नका, ओशाळल्यासारखं होईल त्यांना."

"अरेरे," मुरलीशेठ म्हणाला. "बिलकुल न्हाई काढणार. मंग दूध कुठं प्यायचं?"

"या माझ्याकडं."

सुमनलाही मी तेच सांगितलं. बघा किती साधं होतं. चांगल्या लोकांना फसवायला फार अक्कल लागत नाही. त्यांच्या चांगुलपणानंच माझं खोटं जपलं. कुणी विचारणार नाही, कारण विचारणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी साखर आणतो म्हणून मी स्कूटर काढली आणि साळव्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. का गेलो? बघायला गेलो, दुसरं काही नाही. गच्चीवर दिव्यांच्या माळा होत्या. कठड्यावर चादर बांधलेली, तिच्यावर गाडीचं लालभडक तोंड, मोठे दोन डोळ्यांसारखे दिवे. खाकी कपडे घातलेले साळवे खुर्च्या सरळ करत होते. त्यांच्या पत्नी शकुंतला वहिनी काहीतरी म्हणाल्या, तसे ते कमरेवर हात ठेवून मोठ्यानं हसले. अजून वेळ होता. मी वर जाऊन खरं सांगू शकलो असतो, फोन करून सगळ्यांना बोलावू शकलो असतो. मी साखर घेतली आणि घरी आलो.

त्या रात्री माझ्या गच्चीवर मजा झाली का? झाली. खोटं कशाला सांगू. मी खूप बोललो, खूप हसवलं लोकांना. खुर्च्या माझ्याकडे वळल्या होत्या.

एवढंच असतं, तर मी कदाचित हे लिहिलंही नसतं. खोडसाळपणा म्हणून स्वतःला समजावलं असतं. दुसऱ्या दिवशी काहीतरी गैरसमज झाला म्हणायचं, हळहळायचं, पुढच्या वर्षी तुमच्याकडे करू म्हणायचं — असं मी ठरवूनच ठेवलं होतं. पण तसं घडलं नाही.

शाळेत साळवे मला पाण्याच्या टाकीपाशी भेटले. चेहरा रात्रभर जागल्यासारखा. म्हणाले, "वाट बघून मी आल्तो तुमच्या गल्लीत. सायकलवर. वरून आवाज येत होते सगळ्यांचे. मुरलीशेठ गाणं म्हणून राह्यला होता. मी खालूनच परत गेल्तो."

मी तोटी उघडून हात धुऊ लागलो.

"तुम्ही फोन केल्ते ना, सर? काय म्हणले लोक?"

इथं मी थांबतो जरा. हे वाक्य मी इतक्या वेळा मनात बोललोय, की आता ते कागदावर ठेवताना अंगावर काटा येतोय. खाली मान घालून मी म्हणालो — "मी पुष्कळ समजावलं. पण सगळे माझ्याकडंच येऊन बसले. लोकांचं तुम्हाला माहीतच आहे."

बस. एवढंच. जातीचं नाव काढलं नाही. काढायची गरजच नव्हती. ते मी त्यांच्यावर सोडून दिलं, आणि त्यांनी ते उचललं — लहानपणापासून उचलत आले होते तसंच. त्यांचा चेहरा रागावला नाही. उलट निवांत झाला, एखादी गोष्ट अपेक्षेप्रमाणेच निघावी तसा. "म्हंजे आमच्याकडचं खायचं न्हाई," ते म्हणाले. "जुनंच हाय ते. मलाच वाटलं, सुटलं असंल."

मग त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? तुमचा काय दोष?"

मी हात धरू दिला.

माझ्या मनात जात नव्हती, नुसता हेवा होता — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. पण मग ते वाक्य इतक्या पटकन कुठून आलं? शोधावंही लागलं नाही. तयारच होतं.

त्यानंतर साळवे कुणाकडे आले नाहीत. काजी सरांनी ईदला बोलावलं, ते नाही म्हणाले. देशपांडे बाईंशी कामापुरतं बोलायचे. इकडच्यांना वाटायचं, बिचाऱ्याच्या घरात अजून कटकट आहे. तिकडे साळवे काय समजत होते ते तुम्हाला कळलंच. पुढे त्यांनी अंबडच्या शाळेत बदली मागून घेतली, नवं घर भाड्यानं देऊन निघून गेले. भिंतीवरचं घड्याळ देशपांडे बाईंनी भाच्याच्या लग्नात देऊन टाकलं. सुमन अधूनमधून म्हणायची, एकदा अंबडला जाऊन येऊ, शकुंतला वहिनींना भेटू. मी कधी गुडघे पुढं केले, कधी शेत. त्या दोघी भेटल्या असत्या तर चहा होईपर्यंत सगळं उघडं पडलं असतं. सुमन आजारी पडली तेव्हाही मी त्यांना कळवलं नाही.

साळवे मात्र दर दिवाळीला मला फोन करायचे. मला एकट्याला. अजूनही करतात.

यंदा उन्हाळ्यात अंबडला एका लग्नात गेलो होतो. एक वकील पुढं आला, पाया पडला. "ओळखलं न्हाई ना, काका? मी सुखदेव साळव्यांचा मुलगा." मी त्याला शेजारी बसायला सांगितलं. पंगत बसत होती. म्हटलं, चल जेवू. तो हसला. "न्हाई काका. आहेर दिला, निघतो. बाबांनी सांगून ठेवलंय — बोलावलं तर जायचं, पण कुणाच्या पंगतीला थांबायचं न्हाई. आपला मान आपण ठेवायचा." त्याच्या बोटाला धरून एक लहान मुलगी उभी होती. ती जिलेबीकडे बघत होती. त्यानं तिला कडेवर घेतलं आणि जाताना म्हणाला, "बाबा नेहमी म्हणतात, जालन्यात आपला माणूस एकच."

ते दोघं मांडवाबाहेर जाईपर्यंत मी बघत बसलो. माझ्यासमोर पान वाढलेलं होतं.

म्हणून आता लिहितो. मुरलीशेठ थकलेत, पण त्यांना वाचता येतं. काजी सर आहेत. देशपांडे बाई मुलाकडे असतात. छापून आलं की अंक सगळ्यांना पोचेल, आणि अंबडलाही. त्यानंतर माझ्याकडे कुणी यावं, फोन करावा, असं मला म्हणायचं नाही. ते ज्यानं त्यानं ठरवावं.

साळवे सर, त्या कोजागिरीला मुरलीशेठनं तुमच्यासाठी दुकानातून धोतरजोडी काढून ठेवली होती. काजी सरांनी सकाळीच कपड्यांना इस्त्री केली होती. बाईंकडे घड्याळ होतं. सुमन तर सकाळपासून केसांत गजरा माळून बसली होती. तुमच्याकडे यायला एकही माणूस नाही म्हणाला नव्हता.

मी म्हणालो होतो.