टोलनाक्याची आठवण नसलेला चालक

पोलीस खात्यातून निवृत्त झालो, तरी महामार्गावरचा टोलनाका आला की ती घटना मला आजही आठवते.

नाक्याच्या थोडं पुढे, भर दुपारी, नंदाखाल गावच्या एका शेतकऱ्याच्या स्कूटरला मोटारीने उडवलं आणि मोटार पळून गेली. त्याचा पाय मोडला होता, पण तो शुद्धीवर होता. रुग्णालयात जबाब घेतला.

"नंबर नाय बगला, साहेब. एक बाई धावत आली, पानी पाजलं तिनं. मग कोनीतरी हाक मारली नि ती गेली."

पंचनाम्यात फुटलेल्या दिव्याचे तुकडे मिळाले. आम्ही गॅरेजवाल्यांना सांगून ठेवलं. वसई पूर्वेच्या एकाने खबर दिली : तिथल्याच एव्हरशाईन सिटी वसाहतीतल्या एका गृहस्थांनी घाईघाईने तसाच दिवा बदलून नेला. गाडीचा नंबर टोलच्या फुटेजशी जुळला. काचेवर ऊन होतं, त्यामुळे चालक मात्र दिसत नव्हता.

ते गृहस्थ पत्नीसह पोलीस ठाण्यात आले. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "मीच चालवत होतो. लिहून घ्या."

इतक्या लवकर मिळालेली कबुली मी नकाराइतकीच तपासून घेत असे. चहा मागवला आणि सहज विचारलं, "टोलवर काही अडचण आली?"

"छे. फास्टॅग आहे. थेट निघालो."

फुटेज वेगळंच सांगत होतं. मशीनने टॅग वाचला नव्हता. गाडी मागे घ्यावी लागली होती, मागे ट्रकांची रांग. अशा रांगेपुढे गाडी मागे घेणारा ते सहजी विसरत नाही.

महिला शिपायासमोर पत्नीला तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "यांना कसं आठवेल? हे झोपले होते. धडकेनेच जागे झाले. गाडी मी चालवत होते, साहेब. शिकाऊ परवाना आहे माझा. टोलवर सगळे ओरडले, तेव्हापासून माझं रस्त्याकडे लक्षच नव्हतं."

"तू गप्प बस," नवरा मधेच म्हणाला.

"अजून किती गप्प बसू? पाणी पाजून मी त्या जखमीला गाडीत घेणार होते. तुम्हीच हाक मारून मला परत नेलंत."

आम्ही दोघांवरही आरोपपत्र दाखल केलं. शेतकरी वाचला, पण लंगडतो.

"मला फक्त तिला वाचवायचं होतं," असं तो नवरा शेवटपर्यंत सांगत राहिला. ते खोटं नव्हतं. आपल्या माणसाला पाठीशी घालणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. त्यांची माया खरीच असते. पण त्या दुपारी तिला वाचवायचा मार्ग तिचा तिलाच दिसला होता. जखमीला गाडीत घ्यायचं आणि दवाखाना गाठायचा. त्याने तिला फक्त अडवायला नको होतं.