पुन्हा एकदा म्हणा

बोलणं हा कवळीवाल्याचा प्रांतच नव्हता. दातांच्या दवाखान्याच्या तळघरात सत्तावीस वर्षं तो दुसऱ्यांच्या बोलण्याची सोय करत आला होता. मेणात दात रचायचे, प्लास्टरचे साचे फोडायचे, गुलाबी हिरड्या मशिनवर घासून गुळगुळीत करायच्या. स्वतः मात्र 'हो', 'नाही' आणि 'गुरुवारी मिळेल' एवढ्यावर दिवस काढायचा. बायको म्हणायची, "यांच्या तोंडून शब्द काढायचा तर सांडशी लागते."

असा हा माणूस दर रविवारी दुपारी चारचौघांत गात असे, यावर तिचा कितीतरी दिवस विश्वास बसला नव्हता.

छापखान्याच्या वरच्या खोलीत चौघं जमत आणि गोष्टीचा एक खेळ खेळत. शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर गोष्ट चालवत: इथे दरी आहे, तिथे पूल मोडलाय, पलीकडे ड्रॅगन झोपलाय. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होत. काय करायचं ते ज्याने त्याने सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. इस्पितळातली नर्सबाई तलवार चालवणारी सरदारीण होती. घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचणारा मीटरवाला, चांगला सहा फुटी गडी, खेळात कुऱ्हाड घेतलेला बुटका होता. आणि कवळीवाला होता बार्ड, म्हणजे टोळीबरोबर हिंडणारा गवई. लढाईच्या तोंडावर त्याने गायचं, की साथीदारांच्या अंगात बळ येतं.

मास्तरांचा नियम असा, की नुसतं 'मी गातो' म्हणून भागणार नाही. टेबलाशी बसून खरंच गायचं. कवळीवाल्याने युक्ती काढली. रेडिओवरची सगळ्यांना पाठ असलेली गाणी घ्यायची आणि शब्द फिरवायचे. प्रेयसीच्या जागी घोडी, चंद्राच्या जागी ढाल, विरहाच्या जागी रिकामं पोट. मशिनवर कवळी घासता घासता तो मनात यमकं जुळवायचा. पहिल्यांदा गायला तेव्हा कान लाल झाले होते, पण नर्सबाई पोट धरधरून हसली आणि त्याची भीड चेपली. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्याच्या बोलण्याची वाट बघत होते.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. मग एका रविवारी मास्तर म्हणाले, "भाऊ, आता चाल ऐकली की पुढचे शब्द आम्हीच सांगतो. एकदा तुमचं स्वतःचं होऊन जाऊ दे."

म्हणणं काही वावगं नव्हतं. कवळीवाला घरी आला, वही घेऊन बसला. बुधवारपर्यंत वहीत चार ओळी होत्या आणि चारही खोडलेल्या. दुसऱ्याचं कापड असलं तर त्याला उसवून शिवता येत होतं. पण नवं विणायला बसलं की हातात धागाच नसायचा.

त्याच आठवड्यात वरून डॉक्टरीणबाईंनी एका म्हाताऱ्या बाईंना खाली पाठवलं. वरची नवी कवळी जरा टोचत होती. बाई बहात्तर वर्षांच्या. धुलाईच्या कारखान्यात इस्पितळांच्या चादरींना इस्त्री करण्यात उभी हयात गेलेली. बोटांची पेरं अजून चकचकीत होती. कवळीवाल्याने टोचणारी कड घासून दिली आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, "मावशी, सहासष्ट, सदुसष्ट म्हणा."

दातांचं बसणं 'स'मध्ये कळतं. बाईंनी म्हटलं. 'स' स्वच्छ होता, नव्या कोऱ्या कात्रीसारखा.

"आकड्यांचं काय घेऊन बसलात?" बाई म्हणाल्या. "मला गाणं म्हणायचंय. माझी मैत्रीण मुलाकडे कायमची राहायला चाललीये. बावीस वर्षं आम्ही समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घातल्या. पुढच्या शनिवारी निरोपाचा कार्यक्रम आहे. तिच्यासाठी मीच जोडलंय. थांबा, त्यातच 'स' पुष्कळ आहेत."

आणि त्या तळघरात, प्लास्टरच्या धुळीत, हात मांडीवर ठेवून त्यांनी गाणं म्हटलं:

सखे, सोडू नको टोक, काम अजून ना झाले,
चार पावलं तू ये गं, चार पावलं मी आले.

चाल साधीच होती. चादर ओढायची, जवळ यायचं, टोकं जुळवायची, मागे सरायचं. पण ती कुठल्याही रेडिओवर वाजलेली नव्हती. कवळीवाल्याच्या हातातला ब्रश थांबला. अशी पाच कडवी होती, आणि ऐकता ऐकताच त्याच्या डोक्यात चादरीचं टोक जाऊन तिथे ड्रॅगनची शेपटी आली.

पाचही कडवी एका दमात लक्षात राहणं शक्य नव्हतं.

"मावशी," तो म्हणाला, "'स' जरासा सरकतोय. पुन्हा एकदा म्हणा."

बाईंनी पुन्हा म्हटलं. या खेपेला जपून, 'स' आला की थोडं थांबून. त्याने कवळी मागून घेतली, मशिन सुरू केलं, चाकापासून बोटभर लांब धरली आणि तशीच परत दिली. "आता म्हणा." तिसऱ्यांदा बाईंचा आवाज बारीक झाला होता. त्यांनी गालावर हात ठेवला.

"अजून सरकतोय का हो?"

चाल आणि कडवी आता पाठ झाली होती. "थोडासा," तो म्हणाला. "सवयीने बसेल."

बाई मान हलवून जिना चढून गेल्या. कवळीवाल्याने प्लास्टरच्या पिशवीवर पेन्सिलीने गाणं उतरवून घेतलं.

रविवारी गोष्टीतला ड्रॅगन जागा झाला, बुटक्याने त्याची शेपटी धरली आणि बार्ड गायला:

गड्या, सोडू नको शेप, प्राण अजून ना गेले,
चार पावलं तू पळ, माझे पाय पुढे झाले!

खोली दणाणून गेली. नर्सबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीटरवाल्याने ठेका धरून धरून टेबलावरचे फासे खाली पाडले, तेव्हा खालून छापखान्याचा मुकादम काय झालं ते बघायला वर आला आणि ऐकत उभा राहिला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "चालसुद्धा तुमचीच?" त्यांनी विचारलं.

"हो," कवळीवाला म्हणाला. हा शब्द त्याला नेहमीच सहज जमत असे.

पुढे तीन आठवडे तो मिरवला. मिरवला म्हणजे काय, तर जेवताना बायकोशी दोन वाक्यं जास्त बोलला.

गाण्याला मात्र पाय फुटले. मीटरवाला ते गुणगुणत गल्लोगल्ली फिरू लागला. असाच एका जुन्या इमारतीत जिन्याखालच्या मीटरचे आकडे टिपत असताना पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं आणि एक म्हाताऱ्या बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"हे कुठलं गाणं?"

"आमच्या मित्राने रचलंय," मीटरवाला अभिमानाने म्हणाला, आणि त्यांच्यासाठी पूर्ण गाऊन दाखवलं, शेपटीसकट. "दातांच्या दवाखान्यात तळघरात असतो, कवळ्या करतो. दिसायला मुखदुर्बळ, पण डोकं बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई तळघरात आल्या. कवळीवाल्याने वर पाहिलं. बाई रागावलेल्या दिसत नव्हत्या. पदराने स्टूल पुसून त्या बसल्या.

"तुमचं गाणं म्हणा," त्या म्हणाल्या.

"मावशी, ते आपलं... खेळातलं आहे, गमतीचं."

"तेच. म्हणा."

पलीकडच्या टेबलावरचे दोघं कारागीर मान वर करून बघू लागले. कवळीवाल्याने म्हटलं. ज्या ओळीला रविवारी खोली दणाणली होती तिथे मशिनची घरघर तेवढी ऐकू येत होती. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मूळ गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात त्यांच्या मैत्रिणीचे भाजलेले हात होते. तिथे आता ड्रॅगनच्या जाळाने होरपळलेली बुटक्याची दाढी होती. ती ओळ त्याने गिळली.

"मागितलं असतंत तर दिलं असतं," बाई म्हणाल्या. "गाणं काय, कुणीही म्हणावं. पण त्या शनिवारी मी म्हटलंच नाही हो. पन्नास माणसं, माईक पुढे आणला, तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, 'सखे' म्हणायला जाईन आणि शिट्टी वाजेल. लोक हसतील, तिची निरोपाची वेळ. मी मानेनेच नको म्हटलं. सोमवारी ती गेली."

कवळीवाल्याने हातातलं मेण मळायला घेतलं.

"एकच विचारते. 'स' खरंच सरकत होता का?"

खरं सांगायला याहून मोकळी वाट कुणी कुणाला करून देणार नाही. पण दोघं कारागीर ऐकत होते, सत्तावीस वर्षांचं नाव होतं, आणि जिभेला वळण पडलेलं होतं.

"थोडासा," तो म्हणाला. "थोडासा सरकत होता."

बाईंनी पदर सावरला. मग उठल्या. जिन्याच्या तोंडाशी त्याने मागून म्हटलं, "मावशी, मैत्रिणीच्या गावाला मी घेऊन जातो तुम्हाला. रविवारी सुट्टी असते."

"तुमच्याबरोबर नको," बाई म्हणाल्या. "भाचीला सांगेन."

पुढच्या रविवारी त्याने खोलीत सांगितलं, की गाणं त्याचं नव्हतं, एका धुलाईवाल्या बाईंचं होतं. सांगायला त्याला चहाचा अख्खा कप लागला. वाटलं होतं सगळे तोंड फिरवतील. पण मास्तर म्हणाले, "अहो, माझं सगळं राज्य नकाशातून उचललेलं आहे. कुठे मनावर घेता?" नर्सबाईने विचारलं, "बाईंना माहीत आहे?"

"हो."

"मग झालं तर."

झालं नव्हतं. त्याने अर्धंच सांगितलं होतं. त्याला माफी मिळाली होती ती चोरीची. खोटं तसंच शाबूत होतं. त्याने मास्तरांना विनंती करून बार्डाचा आवाज शापाने घालवून घेतला आणि त्या दिवसापासून खेळात तो टोळीचं सामान वाहू लागला. तळघरात कुणी 'सदुसष्ट' म्हटलं की त्याच्या मानेवर घाम यायचा. घाईघाईने तो "छान, छान" म्हणून मोकळा व्हायचा. एकदा तर खरोखर सरकणारा 'स'सुद्धा त्याने तसाच जाऊ दिला आणि डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्ली. छापखान्यातले कामगार मात्र शेपटीचं गाणं म्हणतच राहिले. त्यांना कोण सांगणार?

आठ महिन्यांनी बाई पुन्हा आल्या. हिरडी बसली होती, कवळी सैल झाली होती, आतून नवा थर द्यायचा होता. त्यांनी कवळी काढून त्याच्या हातात दिली. ओठ आत गेले आणि चेहरा एकदम दहा वर्षांनी म्हातारा झाला.

"गेले होते मी तिच्याकडे," बोळक्या तोंडाने त्या म्हणाल्या. त्यांचा 'स' आता खरोखरच विरघळत होता आणि त्याची त्यांना फिकीर नव्हती. "तिला हल्ली ऐकू येत नाही. जवळजवळ काहीच नाही. कानाशी जाऊन म्हटलं तरी नुसती हसत होती. मग मी हात असे पुढे केले, टोकं धरतात तसे. तेव्हा तिला कळलं. उठून उभी राहिली बिचारी. सून विचारत होती, काय चाललंय तुमचं."

कवळीवाल्याने कवळी टेबलावर ठेवली.

"मावशी, तुमचा 'स' पहिल्या दिवसापासून चांगला होता. मला गाणं पाठ करायचं होतं."

दोघं कारागीर आजही होते. मशिन बंद होतं. दोघांनी ऐकलं.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मागे तुम्हाला विचारायला आले ना, त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तुमच्याकडून निघाले ती वरच गेले होते मी."

"मग तुम्ही मला काहीच बोलला नाहीत."

"मी कशाला बोलू? बोलायचं तुमच्याकडे होतं." त्यांनी रुमालाने ओठ टिपले. "त्या शनिवारी माईकवरचं तिला ऐकू आलं असतं हो. तेव्हा थोडं येत होतं."

कवळी कधी मिळेल एवढं त्यांनी विचारलं. गुरुवारी, तो म्हणाला. जिना चढताना त्या कठड्याला धरून दोनदा थांबल्या. हात द्यायला जावं असं त्याला वाटलं, पण तो जागचा हलला नाही.

त्या रविवारी त्याने खोलीत उरलेलं अर्धं सांगितलं: तीन वेळा म्हणायला लावलं ते, चाकापासून लांब धरलेली कवळी, माईक, आणि दुसऱ्यांदा बोललेलं खोटं. मास्तरांनी फासे गोळा करून डबीत ठेवले. या वेळी नकाशाची गोष्ट कुणी काढली नाही.

"हे मात्र वाईट केलंत," नर्सबाई म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

मास्तरांनी फासे पुन्हा बाहेर काढले आणि गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू केली. मीटरवाल्याने ते गाणं त्यानंतर कधी म्हटलं नाही. निदान कवळीवाल्याच्या देखत तरी नाही.