वैनीने हाका मारणं सोडलं

फोन आला तेव्हा मी कसालच्या बाजारात पेंडीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. वरची पेंड सगळेच चांगली दाखवतात, बुरशी असते ती खाली. शेजारची आशा बोलत होती. "मंगल, बेगीन ये. वैनी बोलणा नाय." मी विचारलं, श्वास चालू आहे का. "माका कळणा नाय गो, तू ये." मी पोतं बांधून घेतलं, रिक्षात टाकलं आणि निघाले. जाऊ गेली तरी हिने पेंड सोडली नाही, अशी कुजबुज नंतर वाडीत झाली. खरं आहे ते. घरी बकऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांना कोणी मेलेलं कळत नाही. वैनीनेही हेच केलं असतं, असं मी त्या लोकांना सांगू शकले असते. सांगितलं नाही. तिचं नाव पुढे करून मोकळं व्हायला मला जमेना.

वैनी पडवीत आपल्या खुर्चीवर होती. मान थोडी कलंडलेली, तोंड खळ्यापलीकडच्या गोठ्याकडे, मोबाइल मांडीवर. डॉक्टर आले, त्यांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. आशा पुन्हा पुन्हा एकच बोलत होती. ती दिवसभर तिच्या खळ्यात भात वारवत होती. मधला दगडी गडगा कमरेएवढा आहे, इकडचं खोकलेलं तिकडे ऐकू जातं. "एक हाक मारल्यान असती तर धावत येय होतंय मी," आशा म्हणाली. तिने ते सहज म्हटलं. मी मात्र तिथून उठून गोठ्यात गेले आणि पेंड भिजत घातली.

वैनी म्हणजे माझी थोरली जाऊ, सुमती. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्याकडे दोन बकऱ्या होत्या. भावोजी लवकर गेले. माझा नवरा रेडीला बंदरावर कामाला, घरी यायचा तो सुटीपुरता. म्हणजे घरात आम्ही दोघी आणि तिचा मुलगा दिनेश. बकऱ्या वाढवायचं माझ्या डोक्यात आलं. गावच्या महिला गटातून मी शेळीपालनाचं प्रशिक्षण घेतलं आणि तिथे शिकलेलं रोज जेवताना वैनीला ऐकवत राहिले. डोळ्याची खालची पापणी उलटून बघायची, पांढरी दिसली तर पोटात जंत आहेत. जबड्याखाली पाणी उतरलं तर त्याहून वाईट. डावी कूस फुगून ढोलासारखी वाजली तर वाट बघायची नाही. आणि औषध पाजताना बकरीची मान कधी वर करायची नाही, नाक डोळ्यांच्या वर जाता कामा नये, नाहीतर औषध पोटाऐवजी छातीत जातं. वैनी भात कालवता कालवता ऐकायची. "इतक्या ध्यान माझ्या बाळंतपणात कोणी दिलेला नाय," एवढंच म्हणाली. पण ऐकलेलं सगळं तिच्या डोक्यात राहायचं.

आमची कामं न ठरवता वाटली गेली. बघणं आणि ऐकणं तिचं, करणं माझं. कळपात एखादी वेगळी जाऊन बसली, रवंथ थांबलं, कोणी दात खाल्ले, की ते आधी तिला कळायचं. तिच्या दहा हाकांतल्या आठ-नऊ फुकट जायच्या, हेही सांगायला हवं. माणूस गेलं की त्याचं सगळंच बरोबर होतं असं लिहितात, ते मला पटत नाही. एकदा तिने मला न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर काढलं, बकरी मरते आहे म्हणून. बकरी चारी पाय पसरून उन्हात झोपली होती. मी जवळ गेले तर उठून चालू लागली. वैनी अजिबात शरमली नाही. "सोंग करता. तुझ्या घोवाची चाल घेतल्यान हा," म्हणाली.

पण उरलेली एखादी हाक खरी असायची. एका वर्षी काजूच्या हंगामात शेजारच्या बागेत बिया काढून टाकलेल्या बोंडांचा ढीग पडला होता. ऊन लागून ती आंबली होती. आमच्या बकऱ्या कुंपणातून शिरल्या आणि पोटभर खाऊन आल्या. मला वाटलं, बरं झालं, आज चारा वाचला. वैनी गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "मंगल, ही काळी माका बरी दिसणा नाय." काळीची डावी कूस वर आली होती, पाय अडखळत होते. गुरांचे डॉक्टर दुसऱ्या गावात होते, त्यांनी फोनवर सांगितलं तसं आम्ही केलं. कोमट पाण्यात खायचा सोडा, त्यात थोडं तेल, आणि घोट घोट पाजायचं. वैनीने तिची हनुवटी तळहातावर सरळ धरली, मी गालाच्या कडेने ओतत गेले. तोंडात आडवी काठी बांधली, म्हणजे ती चावत राहील आणि लाळ सुटेल. मग तिला घाटीच्या पायऱ्यांवर नेऊन पुढचे पाय वरच्या पायरीवर ठेवले आणि मी कूस चोळत बसले. हात भरून आले. शेवटी एक लांबलचक ढेकर आली, आंबूस वासाची. वैनीने पदर नाकाला लावला. "काय गो बाय, खंयच्या गुत्त्यार जाऊन इलंस?" असं ती बकरीला विचारत होती आणि आम्ही दोघी त्या घाटीवर बसून हसत होतो. इतकं हसलेलं मला पुढे कधी आठवत नाही.

मग वैनी गोठ्याच्या उंबऱ्यावर घसरली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, ती वॉकर धरून चालू लागली, पण गोठ्यात जायचं बंद झालं. मीच बंद केलं. दिनेश तोवर कुडाळला नोकरीला लागला होता, लग्न करून तिथेच राहिला होता. तो आणि त्याची बायको रेश्मा शनिवारी यायची. मी वैनीची खुर्ची पडवीत गोठ्यासमोर मांडली, म्हणजे तिचा वेळ जाईल. तिचा वेळ गेला, माझा जाईना. दिवसभर हाका. ती कबरी कोपऱ्यात कित्याक बसली? त्या पाटीच्या नाकाक काय लागला? कळप मोठा झाला होता, गिऱ्हाईकं यायची, स्वयंपाक, तिची औषधं, सगळं माझ्या एकटीवर. प्रत्येक हाकेला मी जायची आणि काही नसायचं. हळूहळू मी तिथूनच "बघितलंय" म्हणायला लागले. न बघता.

कबरी तिची आवडती. ठिपक्या-ठिपक्यांची, हट्टी, वैनीच्या हातची भाकरी खाऊन वाढलेली. शेजारी पूजा होती, जेवणं झाल्यावर उरलेला भात त्यांनी आमच्या बकऱ्यांसाठी आणला. आमच्याकडे उरलेलं शिजलेलं अन्न टाकत नाहीत, मुक्या जनावराला घातलं की पुण्य. म्हाळाचा असो की लग्नाचा, भात गोठ्याकडेच येतो. भात बकऱ्यांना सोसत नाही हे मी वाडीत सांगून थकले होते. त्या दिवशी मी मागच्या बाजूला होते आणि टोप रिकामा करूनच ते गेले. दुपारपर्यंत कबरी फुगली. बोकड बघायला माणसं येऊन खळ्यात उभी होती. मी बाटलीत सोडा-तेल घातलं, कबरीला भिंतीशी दाबली, एका हाताने तोंड वर उचललं आणि ओतलं. धरायला दुसरं कोणी नव्हतं. खरं तर होतं. त्या माणसांना सांगितलं असतं तर त्यांनी धरलं असतं. मला घाई होती.

पडवीतून वैनी म्हणाली, "मंगल, मान खाली धर गो. ठसको लागतलो."

मीच तिला शिकवलेलं ते. परक्या माणसांसमोर मला ते ऐकवलं जात होतं. मी म्हटलं, "वैनी, तू जरा गप बस. माका कळता."

कबरीला ठसका लागला. थोडा वेळ खोकली, मग थांबली. संध्याकाळपर्यंत पोट उतरलं आणि मी मनात म्हटलं, बघ, उतरलं. दोन-तीन दिवसांनी तिला ताप चढला, नाक वाहू लागलं, श्वासाबरोबर बरगड्या हलायला लागल्या. डॉक्टर आले, छातीला कान लावला. "औषध फुप्फुसात गेलंय. पाजलं कोणी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मीच." वैनी पडवीत बसून ऐकत होती. इंजेक्शनं झाली, उपयोग झाला नाही. कबरीला माडाच्या मुळाशी पुरलं, तेव्हा वैनी वॉकर घेऊन खळ्याच्या कडेपर्यंत आली, बघितलं आणि परत फिरली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मीही चार शब्द बोलले असते आणि आमचं भांडण होऊन मिटलं असतं. आमची भांडणं तशीच मिटायची.

त्यानंतर तिने हाका मारणं सोडलं. रुसली नव्हती ती. चहा मागायची, दिनेशचा फोन आला की सांगायची, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला नावं ठेवायची. बकऱ्यांबद्दल मात्र काही नाही. खुर्ची तीच, तोंड गोठ्याकडे, आणि गप्प. हे माझ्या लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवड्याभरात आलं. मला त्या शांततेत बरं वाटलं... कामं वेळेवर होऊ लागली, दुपारी पाठ टेकता येऊ लागली. मी मनात म्हटलं, चला, वैनीला समजलं.

एकदाच मी विचारलं. एक पाट, म्हणजे तरणी बकरी, व्यायली, करडू आडवं आलं होतं, मला खूप उशिरा कळलं. करडू गेलं, पाट वाचली. ती सकाळपासून उठबस करत होती, पडवीतून सगळं दिसत असणार. मी हात धुऊन वैनीसमोर उभी राहिले. "तुका दिसला नाय?"

"दिसला," ती म्हणाली.

"मगे सांगूक नाय तां?"

तिने माझ्याकडे बघितलं. आवाजात टोमणा नव्हता, असता तर मी ओळखला असता. "तुका कळता गो," ती म्हणाली. तिने ते खरोखरच मानलं होतं.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की माका नाय कळणा, तू सांगत जा. दोन वाक्यं. मी म्हटलं, चहा ठेवते.

डॉक्टर म्हणाले की तिला हाक मारायला वेळच मिळाला नसेल, एका क्षणात झालं असेल. शक्य आहे. मी डॉक्टरांचं ऐकणारी बाई आहे, गुरांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावर मी किती जनावरं वाचवली. पण खरंच एकच क्षण होता, का छातीत कळ येऊन ती बराच वेळ बसून होती, गडग्यापलीकडे आशाचं सूप वाजत होतं, मांडीवर माझा नंबर असलेला मोबाइल होता, आणि उगाच कोणाला कशाला बोलवा, असं तिला वाटलं... हे डॉक्टरांना सांगता येणार नाही. मलाही नाही. जनावर मेलं की पोट फाडून कारण बघता येतं.

भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, मंगल, जावेचं असं कोणी करत नाही गो. खुबा मोडल्यापासून न्हाऊ-माखू घातलंस, वेळेवर गोळ्या दिल्यास. मी मान हलवायची. यातलं काही खोटं नव्हतं.

बाराव्याच्या दिवशी भात उरला, दोन मोठे टोप. दिनेश त्यातला एक उचलून गोठ्याकडे निघाला. आईच्या नावाने आईच्या बकऱ्यांना, म्हणाला. मी त्याच्या हातातून टोप घेतला आणि परसात खड्डा खणून भात पुरला. लोक बघत होते. बाराव्याचं अन्न मातीत घातलं म्हणून एक म्हातारी जेवणावरून उठली. दिनेशचं तोंड उतरलं. कबरीची गोष्ट त्याला त्या दिवशी सांगितली. सगळी सांगितली, मी काय म्हणाले तेही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "काकी, आये माका कधी बोलूक नाय."

माझा नवरा रेडीला आणि दिनेश कुडाळला परत गेला, रेश्मा मागे राहिली. मी एकटी पडेन असं तिचं म्हणणं. शहरात वाढलेली पोरगी, बकरी आणि मेंढी यातला फरक तिला इथे येऊन कळला. दुपारी पडवीत बसून ती लॅपटॉपवर काम करते. वैनीच्या खुर्चीत बसत नाही, जमिनीवर चटई घालून बसते. पहिल्या आठवड्यातच तिने आवाज दिला, "काकी, ती पांढरी बकरी तोंड वाकडं करतेय." मी भाकऱ्या करत होते. तवा उतरवून गेले. पांढरी रवंथ करत होती, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी, "काकी, एक जण सारखी खोकतेय." गवताचं कुसळ अडकलं होतं, आपोआप सुटलं. परवा तर एका बोकडाच्या पाठीवर कावळा बसलाय म्हणून तिने मला माडाखालून बोलावलं.

गोठ्यातून परत आले तेव्हा ती ओशाळून उभी होती. "मी उगाच बोलावते ना तुम्हाला? मला यातलं काही कळत नाही. आता नाही बोलावणार."

माझे हात शेणाचे होते, झावळं ओढायची अर्धी राहिली होती, आणि मला राग आला होता. तो येतोच, माझा स्वभाव बदललेला नाही. मी नळावर हात धुतले, पदराला पुसले. "बोलवायचं," मी म्हटलं. "कळो न कळो, बोलवायचं. मी ओरडले तरी."

आज सकाळपासून तिने तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा काही नव्हतं. तिन्ही वेळा गेले.