मलकापूरच्या पाहुण्यांचा कान

अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते बघा! तुम्ही हसणार, ठाऊक हाय मला. हसा. पण आधी तोंडातला चहा गिळा, नाहीतर ठसका लागंल.

सगळा दोष आमच्या मास्तरांचा. मास्तर म्हणजे आमचं हे. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झालेली, शिक्षणाचं नवं वारं सुटलेलं. हे कुठल्याशा व्याख्यानाला जाऊन आले आणि टोपी खुंटीला लावायच्या आधीच सुरू, "पोराला शाळेत घालायच्या आधी घरातच शिकवायचं. खेळातनं! नाती शिकवायची, माणसं जोडायला शिकवायचं!"

शिकवायचं कुणी? हे तर सकाळी उठून शाळेत पळणार! म्हणजे मीच की!

आमची शकू तेव्हा चार वर्षांची. तिच्यासाठी मी 'पावणं-पावणं' खेळ काढला. मी बाहेर जाऊन कडी वाजवायची, "कागलची मावशी आलीया" म्हणायचं. तिनं "या मावशी, बसा" म्हणून घोंगडं टाकायचं, पाणी द्यायचं, घरची खुशाली विचारायची. पोरगी तयार झाली हो! पण खेळाचा वास शेजारच्या बंड्याला लागला. तो रोज पावणा होऊन यायला लागला. पाण्याबरोबर त्याला गूळ लागायचा. मग शेंगदाणे. मग लाडू! खेळ शकूचा आणि डबे रिकामे माझे!

त्यातच आमच्या वन्संचं, कुसुमचं, मलकापुरात जमत आलेलं. घरात दिवसभर एकच जप, मलकापूरचं पावणं कधी येणार? झालं! बंड्या कोळशाची मिशी काढून मलकापूरचा पावणा झाला, आणि खऱ्या पाहुण्यांसाठी केलेले लाडूच हाणून गेला. मी नुसती धुमसत होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कुसुमला घेऊन देवळात गेलेल्या. मी आत चटणी कुटत बसलेली. डोळ्यांत मिरची, नाकात मिरची, टाळक्यात तर आधीपासूनच मिरची! तेवढ्यात दारातनं शकू ओरडली,

"आई, मलकापूरचं पावणं आल्यात!"

"आलं व्हय परत? लाज न्हाय काय त्याला? मिशी पुसून ये म्हणावं आधी!"

शकू गुणाची पोर. शब्द न शब्द पोचवला. "पावणं, आई म्हणतीया, मिशी पुसून या."

"मिशी?" बाहेरनं जाडाभरडा आवाज आला. "ती कशी पुसायची, बाळ?"

बघा! कार्टं आवाज बी बदलून काढतंय! "शकू, लाडू-बिडू मिळायचा न्हाय म्हणून सांग! फुकट खायाची सवय लागलीया मेल्याला!"

"पावणं, लाडू न्हाय मिळायचा. पाणी घ्या."

"बरं बाळ. पाणी तर पाणी."

ह्या शांतपणानं तर माझं डोकंच फिरलं! मुसळ टाकलं, पदर खोचला आणि तरातरा बाहेर. डोळ्यांतनं धारा, काही धड दिसेना. घोंगड्यावर कुणीतरी बसलंय तेवढं कळलं. चाचपून कान धरला आणि दिला पिरगाळून!

कान मोठा लागला. मग केसाळ लागला.

पोराच्या कानावर एवढे केस असतात व्हय हो? पण हे डोक्यात शिरेपर्यंत मी आणखी एक पीळ दिलेला!

पदरानं डोळे पुसले. फेटा, पिकल्या झुपकेदार मिशा... कुसुमचे होणारे सासरे! सांगितल्या दिवसाच्या आधीच सर्विस मोटारीनं येऊन टपकलेले. माझ्या हातच्या ताज्या मिरचीनं कान असा पेटलेला की विचारू नका. आणि शकू पेला धरून उभी, "पावणं, घरी समदी बरी हायती न्हवं?"

म्हाताऱ्यांनी एका हातानं कान दाबला. काठी उचलली आणि चालते झाले.

कुसुमनं रडून घर डोक्यावर घेतलं. सासूबाई काय बोलल्या ते चारचौघांत सांगता येत नाही. मी मास्तरांवर तुटून पडले, "जोडा आता माणसं!"

बिचारे माफी मागायला मलकापूरला गेले आणि हसत परत आले. म्हणाले, "व्याही म्हणतात, ज्या घरात एवढीशी पोर पाणी देऊन खुशाली विचारती, तिथली मुलगी डोळं झाकून करायची. पसंत!"

लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि मानाचा फेटा घ्यायचा. मास्तर बाह्या सारून पुढं झाले, तर व्याही सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं गरजले,

"थांबा मास्तर! कानपिळी हून गेलीया! पोराच्या जागी बापाचा पिळला, पर पिळला झकास! मान ज्याचा त्यालाच!"

आणि तो फेटा, अहो, माझ्या डोक्यावर बांधला की! मांडव नुसता लोळायला लागला. मी इतकी चिडले, इतकी चिडले, की फेटा भिरकावूनच देणार होते. पण म्हाताऱ्यानं असला आवळलेला, काही केल्या सुटंना. तशीच पंगतीत वाढायला फिरले.

कोपऱ्यातनं एक म्हातारी ओरडली, "ओ फेटेवालं दाजी, हिकडं वरण आणा की!"