वाकडी सिंफनी

आखाती युद्धात आमच्या कुटुंबाचं जे एकमेव नुकसान झालं, ते काळं, गोल आणि मधोमध भोक असलेलं होतं.

तेव्हा आम्ही सौदीत अल-खोबरला राहायचो. मी अबकैकच्या तेलाच्या प्लँटवर इंजिनिअर. इमारत अर्धी रिकामी झाली होती. जिन्यात खोकलं तरी घुमायचं. आम्हीही गेलो असतो, पण पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे आमच्या अरब हमीदाराकडे, आणि कफील जेद्दाला! (युद्धाची चिन्हं दिसताच त्याला तिकडच्या नातेवाइकांची फार आठवण येऊ लागली होती.)

अशात लंडनहून मेहुण्याचं पार्सल आलं. शतकापूर्वीची एक जर्मन सिंफनी, तिचं गाजलेलं जुनं रेकॉर्डिंग, कंपनीनं नव्या तबकडीवर पुन्हा काढलेलं! कॉलेजात ऐकून ऐकून मी जिची चाळण केली होती, तीच. माझे डोळे भरून आले. बायकोचेही आले.

"मी दादाकडे गॅसचे मास्क मागितले होते," ती म्हणाली.

मास्क आमच्या वाट्याला आलेच नव्हते. ओले टॉवेल होते. बेडरूमच्या खिडक्यांना प्लास्टिक चिकटवून आम्ही एक 'सुरक्षित' खोली केली होती. भोंगा झाला की खालचे हनीफभाई आणि त्यांची बायको झुबेदाभाभी तिथेच धावत यायची. हनीफभाई रत्नागिरीचे, कापडाचे व्यापारी. खोलीत पाणी, बिस्किटं, दागिने असं जे जे मोलाचं ते ठेवलं होतं. मीही माझी तबकडी भिंतीला टेकवून ठेवली. जानेवारीचे दिवस. आमची लेक मुग्धा कुडकुडत होती. थंडीनं की भीतीनं, हे आम्ही तिला विचारलं नाही. बायकोनं हीटर लावला. नेमका तबकडीशेजारी!

दुसऱ्या दिवशी मी कव्हर उघडलं.

"बाबा, इट्स लाइक अ पापड!" मुग्धा म्हणाली.

मी तबकडी तांदळाच्या पोत्याखाली दाबली. "जग बुडतंय आणि तुम्ही ताटली सरळ करताय!" बायको म्हणाली. मी ऐकलं नाही. (संगीतप्रेमी माणूस संगीत सोडून काहीच ऐकत नाही.)

संध्याकाळी तबकडी लावली. संथ भाग सुरू झाला. व्हायोलिनं वर चढली, खाली घसरली, पुन्हा चढली. ऊंऽऽऊंऽऽऊं! मी डोळे मिटून दुःख करत बसलो. तेवढ्यात दार धडधडलं.

"साहेब, चला आत! भोंगा झाला!" तोंडावर ओला टॉवेल धरलेले हनीफभाई. मागे धापा टाकणारी झुबेदाभाभी. स्वयंपाकघरातून बायको मुग्धाला ओढत आली. सगळे खोलीत! मी गुपचूप तबकडी बंद केली.

"थांबला वाटतं," हनीफभाई म्हणाले.

"तो भोंगा नव्हता," मी म्हणालो. "सिंफनी होती."

झुबेदाभाभीनं दम्याचा पंप ओढला. "म्हंजे जीव मुठीत धरून मी गाणं ऐकाया वर आले?"

मी माफी मागणार, एवढ्यात पुन्हा ऊंऽऽऊंऽऽ!

"अहो, बंद करा ते!" बायको ओरडली.

"बंदच आहे."

सगळ्यांनी दारातून प्लेअरकडे पाहिलं. तबकडी निपचित पडली होती.

मग दार लावलं, फटीत टॉवेल कोंबले. कोणी कोणाकडे बघेना. एकदम मोठा धमाका झाला, खिडकीवरचं प्लास्टिक पोटासारखं फुगलं आणि बसलं. मुग्धानं माझा हात घट्ट धरला. "बाबा, इज इट ओव्हर?" मला काय ठाऊक! कितीतरी वेळ झुबेदाभाभीच्या छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती. अखेर सुटकेचा सरळ, लांब भोंगा झाला. क्षेपणास्त्र दूर कुठेतरी पडलं होतं. दूर म्हणजे कोणाच्या तरी जवळच.

पुढे पासपोर्ट आले. बायको आणि मुग्धा जेद्दामार्गे घरी गेल्या. मला प्लँटनं सोडलं नाही. बसमध्ये चढताना बायकोला खूप काही बोलायचं असावं. "ती ताटली लावू नका," एवढंच ती म्हणाली.

रिकाम्या घरात मी भिंती बघत बसायचो. भोंगा झाला की आधी फोन वाजायचा. खालून हनीफभाई विचारायचे, "साहेब, ह्यो तुमचा की सरकारचा?"

आयुष्यात माझ्या संगीताची इतक्या आस्थेनं चौकशी आणखी कोणी केली नाही!