टिटव्यांची अंडी

एर्मिंदाला फक्त झोप हवी होती. ताक्वारेम्बोच्या माळावर लोकांचे कपडे धुऊन तिनं पोरी वाढवल्या, त्यांची लग्नं लावली, आणि म्हातारपणी वाट्याला आला भान हरपलेला नवरा. लिबोरिओनं उभा जन्म घोड्यावरून गुरं हाकली. आता घोडा नाही, गुरं नाहीत, पण डोक्यात घोर एकच: गुरांना पाणी पाजायचं राहिलं. एर्मिंदाचा डोळा चुकवून तो तळ्याकडे निघायचा. आणि तळं चांगलं खोल होतं.

त्यात वसंतात टिटव्यांच्या जोडीनं अंगणात ठाण मांडलं. लिबोरिओनं ओट्यावरून पाय खाली टाकायचा अवकाश, दोघी किंचाळत डोक्यावर घिरट्या घालायच्या, पंखांच्या सांध्यावरचे अणकुचीदार काटे रोखून अंगावर यायच्या. तो बिचारा कान झाकून रडायचा. रात्री कोल्हा फिरकला तरी तोच धिंगाणा. एर्मिंदानं झाडू फेकला, डबे बडवले, कुत्रा सोडला. कुत्राच शेपूट घालून परत आला.

शेजारीण नील्दा कडू पानांचा चहा नळीनं ओढत म्हणाली, "असू दे की गं. फुकटात राखण होतेय तुझी."

"राखण कसली डोंबलाची? मला वेड लागायची पाळी आलीय."

टिटवी ओरडते एकीकडे आणि अंडी असतात भलतीकडे, हे आमच्या माळावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एर्मिंदा ओरडण्याकडे पाठ करून चालत गेली. फाटकाजवळच्या गवतात अंडी सापडली. तिनं कांदा घालून त्यांचं आम्लेट केलं. लिबोरिओनं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि तो म्हणाला, "म्हातारे, आज झकास जमलंय हं." किती महिन्यांनी तो तिच्याशी असा सरळ बोलला होता! बाईला रडूच आलं.

टिटव्या थोडे दिवस चिरकत राहिल्या, मग तळ्याकाठी निघून गेल्या. अंगण गप्प झालं.

एका दुपारी जेवणं झाल्यावर लिबोरिओ खुर्चीत पेंगत होता. एर्मिंदानं जरा पाठ टेकली आणि तिचा डोळा लागला. झोपेतच तळ्याकडून टिटव्यांचा कालवा कानावर आला. तिला हसू आलं. बरं झालं, आता दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर नाचा, असं पुटपुटून तिनं कूस बदलली.

जाग आली तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि फाटक उघडं. टिटव्या अजून ओरडतच होत्या. ती अनवाणी त्या आवाजाच्या दिशेनं धावत सुटली. पाण्यावर लिबोरिओची टोपी तरंगत होती.

दफन झालं. डुलकी कुणालाही लागते, असं म्हणत सगळ्यांनी तिची समजूत घातली. ती प्रत्येकाला एकच सांगायची, "मला ऐकू आलं होतं." पोरी न्यायला आल्या, ही गेली नाही.

पुढच्या वसंतात टिटव्या पुन्हा अंगणात आल्या. एर्मिंदानं कुत्रा बांधून ठेवला, फाटकाजवळचं गवत वाढू दिलं. त्या ओरडल्या की हातातलं काम टाकून ती फाटकाशी जायची आणि तळ्याकडे बघत उभी राहायची. एकदा नील्दाला राहवलं नाही.

"एर्मिंदा, आता कोण जाणार आहे गं बाहेर?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "पण त्या हाका मारतायत, तर उठायला नको?"