बरणीतलं तण

२४ जानेवारी. डब्यांच्या पोळ्या लाटायच्या आधी अक्कांच्या माशांच्या टाकीत पाणी घालायचं आहे. अक्का जाऊन तीन आठवडे होत आले. टाकीला ते कळत नाही, तिचं पाणी रोज उडतं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, काचेवर चिकटपट्टीची रेघ आहे तिथपर्यंत. आज दुपारी प्रमोद लातूरहून टेम्पो घेऊन येणार आहे. टाकी स्वच्छ दिसली तर तो नेईल. एक जरी समुद्रफूल दिसलं तरी नेणार नाही, असं त्याने अक्कांना तोंडावर सांगितलं होतं आणि अक्कांनी मान हलवली होती.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, सुलोचना. अंबाजोगाईला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नाही. आमच्याकडे नवी सून आली की नणंद दार अडवते. मी आले तेव्हा दार मोकळंच होतं. अक्का आत टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभ्या होत्या. "थांब गं जरा, हात ओला हाय," म्हणाल्या आणि मला उंबऱ्यावर तसंच ठेवून आधी एक दगड जागेवर बसवला. सासूबाई रागावल्या. मला बरं वाटलं. या घरात कामाला काम म्हणतात, एवढं त्या दिवशी कळलं.

तेव्हाची टाकी गोड्या पाण्याची होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी समुद्राची केली. मिठाची पोती आणली, दगड आणले, प्रवाळ आणलं, केशरी पट्ट्यांचे दोन मासे आणले. उन्हाळ्यात गल्लीत टँकर आला की समोरच्या कमलबाई रांगेतल्या बायकांना सांगायच्या, "बीड जिल्ह्यातला समुद्र मास्तरीणबाईच्या घरात हाय, तिथं घागर लावा." अक्का खिडकीतूनच म्हणायच्या, "लाव की. डाळीत मीठ घालायचं वाचंल."

समुद्रफूल आलं ते एका दगडाबरोबर. बोटाएवढं, तपकिरी, काचेसारखं आरपार, वर ताडाच्या झाडासारखा झुपका. मला ते सुंदर वाटलं होतं. अक्कांनी भिंग लावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. हे फूल म्हणजे प्राणी असतो, तो शेजारच्या प्रवाळाला डंख मारून मारून संपवतो, असं त्यांनी समजावलं. त्यावर उपाय काय, ते बघते म्हणाल्या. त्या कॉलेजात कसल्या तरी सत्काराला गेल्या आणि मागे यांनी उपाय केला.

आमच्या यांचं शेत घाटनांदूरला. आयुष्य खुरपणीत गेलेलं. बहिणीला तेवढीच मदत म्हणून त्यांनी चिमटा घेतला आणि टाकीतली फुलं एकेक करून उपटली. अर्धी तुटली, अर्धी आली. चिमटा धुऊन ठेवला, खुशीत चहा मागितला. महिनाभरात टाकीतला प्रत्येक दगड झुपक्यांनी भरला, कारण तुटलेला प्रत्येक तुकडा नवं फूल झाला होता. अक्का ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दत्त्या, लव्हाळा कधी उपटून गेलाय का बे? शेतकरी ना तू?" यांनी दोन दिवस टाकीकडे बघितलं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात अक्कांच्या पोटाचं दुखणं निघालं. लातूरच्या डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं की उन्हाळा निघणार नाही. अक्कांनी दाराबाहेरून ऐकलं आणि परतीच्या वाटेवर गाडी प्रमोदच्या दुकानापाशी थांबवायला लावली. प्रमोद त्यांचा जुना विद्यार्थी, लातूरला माशांचं दुकान चालवतो. माझ्यामागे टाकी घे, मासे आणि प्रवाळ जगव, एवढंच त्या बोलल्या. तो हो म्हणाला, पण अट घालून. एक तुकडा जरी आला तरी त्याच्या दुकानातल्या सगळ्या टाक्या नासतील. टाकी रिकामी करून मोडणं आम्हा दोघांना जमलं असतं, पण प्रवाळ जगवणं आमच्या हातचं नव्हतं. म्हणजे अक्का जायच्या आत टाकी साफ व्हायला हवी होती.

मी म्हटलं, चुना भरा. कमलबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना सुईने एका फुलाच्या तोंडात भरून बघितला. फूल गेलं, शेजारचं प्रवाळही पांढरं पडलं. मग अक्कांनी फुलं खाणारी कोळंबी मागवली. लाल पट्ट्यांची कोळंबी आली, पण दुसऱ्याच जातीची. तिने फुलं सोडून प्रवाळच कुरतडलं. ती पकडून काढायला आम्हाला आठवडा लागला. अक्का खुर्चीत बसून सांगायच्या, मी जाळी फिरवायची. "जे समदं खातं त्याला कामाला लावू न्हाई शैला," त्या म्हणाल्या. "ज्याचं खाणंच एक, त्याच्यावर भरवसा."

तसलं जनावर पुण्याच्या एका हौशी माणसाकडे मिळालं. थर्मासमधून, ट्रॅव्हल्सच्या गाडीने आलं. शंख नसलेल्या गोगलगायी, नखाएवढ्या, पाठीवर झालर. जगात त्या दुसरं काही खात नाहीत, फक्त हेच समुद्रफूल. दिवसा दडून बसतात, त्यामुळे पहिले काही आठवडे मला तो पैसा पाण्यात गेलाय असंच वाटत होतं. मग एक दगड मोकळा दिसला. मग दुसरा.

त्याच दिवसांत ओट्यावर लोणच्याची एक जुनी बरणी आली. तिच्यात खारं पाणी आणि त्यात तीच फुलं, अक्कांनी मुद्दाम लावलेली, बाहेरून चिकटपट्टीची रेघ. माझं डोकं फिरलं. तिकडे मारायची आणि इकडे पोसायची, हा काय प्रकार, असं विचारलं.

"टाकीतली फुलं सरली की त्या गोगलगायी काय खातील?"

"मरतील. त्यांचं काम झालेलं असेल."

"तू कॉलेजच्या पोरींना डबे देतीस," अक्का म्हणाल्या. त्यांचा श्वास लागत होता. "परीक्षा झाली की त्या जातात. जायच्या दिवशी डबा देत न्हाईस का? काम झालं म्हणून उपाशी ठेवायचं कावून?"

माझे डबे आणि गोगलगायी यांचा संबंध मला तेव्हा पटला नाही. बरणी ओट्यावर राहिली. मी ती रोज सरकवून भाजी चिरायची.

दिवाळीनंतर अक्का अंथरुणाला लागल्या. पेजसुद्धा जाईना. रोज संध्याकाळी मला टॉर्च घेऊन टाकीच्या मागच्या बाजूला बघायला लावायच्या. किती राहिली, विचारायच्या. मी दिसेल ते सांगायची. खोटं सांगून काही झालं नसतं, त्यांनी टॉर्च मागून घेतला असता. शेवटचं विचारलं तेव्हा दोन होती, मागच्या दगडाच्या खाचेत.

"दोन हायत," मी म्हटलं.

"तीबी सरतील," म्हणाल्या. आणि कूस बदलली. ते शेवटचं बोलणं.

त्यानंतर मी खाचेत बघितलं नाही. माणसं येत होती, जात होती, स्वयंपाक होता. रोज पाणी तेवढं घालत होते.

प्रमोद दुपारी आला. अक्कांच्या फोटोला हार घातला, मग बाही वर करून टाकीपाशी बसला. बराच वेळ टॉर्च फिरवला. आरसा लावून खाचेत बघितलं. हे दारात उभे होते, बहुधा चिमट्याची आठवण येत असावी. मी कणीक मळत होते आणि मळून झाल्यावरही मळत होते.

"न्हाई वहिनी," प्रमोद म्हणाला. "एकपण न्हाई."

मग काम सुरू झालं. मासे पिशवीत, प्रवाळ डब्यांत, पाणी ड्रममध्ये. मागच्या काचेवर दोन गोगलगायी निघाल्या, झालर झडलेल्या, जवळजवळ पारदर्शक. त्यांना नेऊन उपयोग नाही, वाटेतच मरतील, असं प्रमोद म्हणाला. मी चमच्याने उचलून त्या बरणीत टाकल्या. बरणी बघून तो दोन पावलं मागे सरकला. हे तसंच मोरीत ओतू नका, आधी उकळतं पाणी घाला, असं त्याने जाताना दोनदा बजावलं. उद्या सकाळी घालते म्हटलं. टेम्पो गेल्यावर मी भिंतीशी राहिलेला ओला चौकोन पुसून घेतला. यांनी तिथे लगेच गव्हाचं पोतं आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवर पातेलं ठेवलं. बरणी मोरीपाशी नेली. आत एक गोगलगाय फुलाला लागली होती, दुसरी काचेवरून खाली निघाली होती. पाणी उकळलं. त्यात साखर टाकली, चहापत्ती टाकली. यांना कप दिला, एक मी घेतला. बरणीतलं पाणी रेघेच्या खाली गेलं होतं. तेवढं गोडं पाणी घातलं, बरणी ओट्यावर परत ठेवली आणि पोळ्या लाटायला घेतल्या.